पागो पागोचा कौल कोण घेणार?

अलास्कातील व्हिटिअर हे तीनशेही वस्ती नसलेले बंदराचे गाव. २०२३ साली तेथील शाळा मंडळाच्या निवडणुकीत एक महिला निवडून आली आणि पुढे त्याच वर्षी तिला अटक झाली. मतदार नोंदणीच्या अर्जावर तिने आपण अमेरिकेची नागरिक असल्याचे लिहून दिले, असा आरोप होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच गावातील आणखी दहा जणांवर अशाच स्वरूपाचे खटले भरले गेले. ही सारी मंडळी दक्षिण प्रशांत महासागरातील अमेरिकन सामोआ (राजधानी पागो पागो) या, अमेरिकेच्या ताब्यातील पण राज्य नसलेल्या प्रदेशाची. तेथे जन्मलेल्या माणसाला अमेरिकेचा पासपोर्ट मिळतो, अमेरिकेच्या कोणत्याही राज्यात राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळतो, अमेरिकेच्या सैन्यात भरती होता येते. पण तो अमेरिकेचा ‘नॅशनल’ असतो, ‘सिटिझन’ नसतो, आणि पासपोर्टच्या आतल्या पानावर तशी नोंदही असते. पोर्तो रिकोला १९१७ मध्ये, व्हर्जिन आयलंड्सना १९२७ मध्ये, ग्वामला १९५० मध्ये आणि उत्तर मारियाना बेटांना १९८६ मध्ये नागरिकत्व मिळाले. वस्ती असलेल्या पाच प्रदेशांपैकी अमेरिकन सामोआ तेवढा बाहेर राहिला.

या खटल्यांनी जुना वाद पुन्हा पेटवला आहे, आणि तो अत्यंत वाईट रीतीने लढवला जात आहे. एक बाजू म्हणते, हा उघड वसाहतवाद आहे, न्यायालयाने एका फटक्यात नागरिकत्व जाहीर करून तो संपवावा. दुसरी बाजू म्हणते, नागरिकत्व आले की सामोअन जमीन, सरदारकी आणि रीतिरिवाज बुडाले. माझे मत असे की दोन्ही बाजूंनी चुकीच्या खुंटीला दोर बांधला आहे. नागरिकत्व नसणे ही सामोअन परंपरेची ढाल नाही आणि कधी नव्हती. पण ती ढाल नाही म्हणून चार हजार किलोमीटर आणि त्याहूनही दूर बसलेल्या न्यायाधीशांनी ते लोकांच्या गळ्यात घालावे, असेही होत नाही. हा निर्णय पागो पागोच्या मतदारांनी थेट मतदानाने घ्यायचा आहे, आणि अमेरिकेच्या राज्यांत स्थायिक झालेल्या सामोअन लोकांची सोय त्या मतदानाची वाट न पाहता आजच करता येण्यासारखी आहे.

आपल्याकडे पागो पागो हे नाव बहुधा शब्दकोड्यात किंवा राजधान्यांच्या यादीत भेटते. प्रत्यक्षात ते तुतुइला बेटावरील, जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव आहे. नकाशावर राजधानी म्हणून त्याचे नाव असले, तरी ‘फोनो’ हे विधिमंडळ आणि उच्च न्यायालय शेजारच्या फागातोगोत, तर राज्यपालांची कचेरी त्यापुढच्या उतुलेईत आहे. ही सारी गावे एकाच बंदराच्या काठाने एकमेकांना चिकटलेली. समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखात तयार झालेले हे बंदर बेटाला जवळजवळ दुभंगून आत शिरते. समोर पिओआ पर्वत, जो ढग अडवतो आणि वर्षभर पाऊस पाडतो. काठाच्या एकमेव रस्त्यावरून लाकडी सांगाड्याच्या, रंगवलेल्या खासगी बसगाड्या धावतात, आणि पलीकडच्या काठावरच्या टूना डबाबंदीच्या कारखान्याचा वास वारा फिरला की बाजारापर्यंत येतो. अमेरिकेला हे बेट हवे होते ते या बंदरासाठी, आगबोटींना कोळसा भरण्यासाठी. १८९९ मध्ये अमेरिका, जर्मनी आणि ब्रिटन यांनी आपसांत करार करून सामोअन द्वीपसमूह वाटून घेतला. १७ एप्रिल १९०० रोजी तुतुइलाच्या सरदारांनी समर्पणपत्रावर सह्या केल्या; मनुआ बेटांच्या राजाने १९०४ पर्यंत दम धरला. अमेरिकी काँग्रेसने या पत्रांना मान्यता दिली ती १९२९ मध्ये. तोवर, आणि त्यानंतरही १९५१ पर्यंत, बेटांवर नौदलाचा अंमल होता.

आता नागरिकत्वाच्या विरोधकांचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात घेऊ. अमेरिकन सामोआतील सुमारे नव्वद टक्के जमीन सामाईक आहे. ती ‘आइंगा’ची, म्हणजे विस्तारित कुळाची असते आणि कुळाने निवडलेला ‘मताई’ तिचा कारभार पाहतो. घर कोणी कोठे बांधावे, कोणत्या वाटणीत कोणी पीक घ्यावे, मयताला आहेर म्हणून कोणत्या घरातून किती चटया यायच्या, हे सारे या व्यवस्थेत ठरते. ज्याच्या अंगी निम्मे तरी सामोअन रक्त नाही त्याला अशी जमीन मिळू शकत नाही. अमेरिकी संविधानातील समान संरक्षणाच्या तत्त्वापुढे हा वंशावर आधारलेला नियम किती काळ टिकेल, ही भीती काल्पनिक नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हवाईत केवळ मूळ हवाईयन लोकांना मतदानाचा हक्क देणारी तरतूद रद्द केली. ग्वामने आपल्या भावी राजकीय दर्जाबद्दलचे मतदान मूळ रहिवाशांपुरते ठेवले होते. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तेही मोडीत काढले. पागो पागोच्या एखाद्या मताईने या निकालांकडे बोट दाखवून ‘उद्या आमचा नंबर’ असे म्हटले, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा इतिहासाचा आहे आणि तो मला त्याहून वजनदार वाटतो. वेगळी व्यवस्था असण्याचा लाभ या बेटांनी एकदा प्राण वाचवून घेतला आहे. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘तालुने’ हे जहाज न्यू झीलंडच्या लष्करी अंमलाखालील पश्चिम सामोआत (आजच्या स्वतंत्र सामोआ देशात) आपिया बंदराला लागले. आजारी प्रवाशांना उतरू दिले गेले आणि काही आठवड्यांत तेथील लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून अधिक माणसे इन्फ्लुएंझाने दगावली. तेथून बोटीने एका दिवसाच्या अंतरावर असलेल्या तुतुइलात त्या साथीने एकही बळी घेतला नाही. नौदलाचे राज्यपाल जॉन पोयर यांनी कडक विलगीकरण लावले आणि सामोअन लोकांनी स्वतः किनाऱ्यावर पहारे देऊन येणाऱ्या होड्या परतवल्या. सगळ्या जगाला लागू होणारा नियम आपल्याला लागू असलाच पाहिजे असे नाही, हा धडा त्या बेटावरील माणसाने कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातून घेतलेला नाही.

हे सारे मान्य करूनही प्रश्न उरतो: या संरक्षणाचा नागरिकत्व नसण्याशी काय संबंध? अमेरिकी संविधानातील समान संरक्षणाची हमी ‘नागरिका’ला नव्हे, ‘व्यक्ती’ला दिलेली आहे. जमिनीचा नियम त्या हमीपुढे कोसळणार असता तर तो आजवर कधीही कोसळला असता. त्यासाठी कोणाला नागरिक व्हावे लागत नाही. १९८० मध्ये हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला तेव्हा अमेरिकन सामोआच्या उच्च न्यायालयाने समान संरक्षणाचे तत्त्व लागू आहे असे धरूनच विचार केला, आणि जमीन व संस्कृती टिकवण्यात प्रदेशाचे इतके मोठे हित आहे की निर्बंध वैध ठरतात, असा निर्णय दिला. उत्तर मारियाना बेटांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, आणि तेथेही स्थानिक वंशाखेरीज इतरांना जमिनीची कायमची मालकी घेता येत नाही. १९९० मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो निर्बंध उचलून धरला. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये या निर्बंधात बदल करण्याच्या मतदानाचा हक्क केवळ त्या वंशाच्या लोकांपुरता ठेवण्यास नकार दिला, हे खरे. पण खुद्द जमिनीचा निर्बंध आजही उभा आहे. नागरिकत्व आणि सामाईक जमीन एकत्र नांदू शकत नाहीत, हे मग कोणत्या पुराव्यावर म्हणायचे?

हवाई! हे उत्तर ताबडतोब येते. हवाईयन लोक नागरिक झाले आणि आपल्याच बेटांवर भाडेकरू झाले, असा युक्तिवाद पागो पागोच्या सभांतून आणि न्यायालयातील निवेदनांतून होत आला आहे. पण तारखा पाहाव्यात. हवाईतील सामाईक जमिनीची वाटणी करणारी ‘महेले’ झाली १८४८ मध्ये; परकीयांना जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली १८५० मध्ये. तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते आणि त्याचा स्वतःचा राजा सिंहासनावर होता. उसाच्या मळेवाल्यांनी जमिनी गिळल्या त्या पुढच्या चार दशकांत. राणी लिलिउओकलानी यांना १८९३ मध्ये पदच्युत केले गेले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली आणि नागरिकत्व आले १९०० मध्ये, म्हणजे विक्रीचे दार उघडल्यावर पन्नास वर्षांनी. हवाईची जमीन नागरिकत्वाने गेली नाही. ती जमीन विक्रीयोग्य केल्याने गेली. या उदाहरणावरून सामोआने काही घ्यायचे असेल तर ते हे की विक्रीचे दार बंद ठेवावे. पासपोर्टवर काय छापले आहे, याने त्या दाराची कडी लागत नाही आणि निघतही नाही.

उलट, नागरिकत्व नसताना या बेटांनी आजवर काय काय गमावले आणि कशापुढे ती हतबल ठरली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. २००७ मध्ये काँग्रेसने किमान वेतनवाढीचा कायदा केला आणि तो अमेरिकन सामोआलाही लागू केला. टूनाचे दोन कारखाने हाच तेथील खासगी रोजगाराचा कणा. २००९ च्या सप्टेंबरअखेरीस त्यांपैकी एक बंद पडला. दोन हजारांहून अधिक माणसांचे काम गेले, आणि तेही त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात त्सुनामीची लाट बंदराच्या निमुळत्या टोकाशी चढून पागो पागोच्या रस्त्यांवर होड्या टाकून गेली. कारखाना जाण्याचे वेतन हे एकमेव कारण नव्हते. आणि कामगाराला जास्त मजुरी मिळावी याला माझा विरोध तर मुळीच नाही. मुद्दा इतकाच की पागो पागोचे अर्थकारण हलवणारा निर्णय जेथे झाला त्या सभागृहात या प्रदेशाची एकच प्रतिनिधी बसते आणि तिलाही अंतिम मतदानात मत नसते. ‘आम्ही वेगळे आहोत’ हे म्हणणे तेथे कोणाला ऐकू गेले?

मासेमारीचा दाखला तर थेट समर्पणपत्रापर्यंत जातो. तुतुइलाचे लोक ‘आलिया’ नावाच्या दोन तळांच्या लहान होड्यांतून मासे मारतात. त्यांच्यासाठी किनाऱ्यापासून सुमारे ५० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा मोठ्या बोटींना बंद होता. २०१६ मध्ये संघराज्याच्या मत्स्य विभागाने तो पट्टा बऱ्याच ठिकाणी १२ मैलांच्या आसपास आणून ठेवला. प्रदेशाचे सरकार न्यायालयात गेले: १९०० आणि १९०४ च्या पत्रांत आमच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचे वचन आहे आणि आमचे पारंपरिक मासेमारीचे पाणी हाही त्याचाच भाग आहे. २०१७ मध्ये हवाईतील होनोलुलूच्या न्यायालयाने हे मानले. २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. ज्या परंपरेच्या नावाने नागरिकत्व नाकारले जाते, तिच्या रक्षणाची खरी परीक्षा झाली तेव्हा ‘नॅशनल’ असण्याने काडीचाही उपयोग झाला नाही. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते: अमेरिकन सामोआत संघराज्याचे जिल्हा न्यायालयच नाही, असा हा एकमेव प्रदेश आहे. त्यामुळे असे खटले लढायला होनोलुलू किंवा वॉशिंग्टन गाठावे लागते. बेटावरील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नेमतो तो वॉशिंग्टनमधील अंतर्गत व्यवहार मंत्री. बेटांनी १९६७ मध्ये सुधारून स्वीकारलेले संविधान बदलायचे झाले तर १९८३ च्या कायद्यानुसार काँग्रेसची संमती लागते. जी स्वायत्तता गमावण्याची भीती दाखवली जाते, तिचा पाया इतका भुसभुशीत आहे.

मग न्यायालयाकडून नागरिकत्व मागणाऱ्या बाजूचे वकील बरोबर ठरतात काय? त्यांचा नैतिक मुद्दा निर्विवाद आहे. हे प्रदेश ज्या निकालांच्या आधारे संविधानाच्या अर्ध्या उजेडात ठेवले गेले, ते १९०१ पासूनचे ‘इन्सुलर’ (बेटांसंबंधीचे) निकाल ‘परक्या वंशां’बद्दलच्या भाषेने बरबटलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती गॉर्सच यांनी २०२२ मध्ये एका पोर्तो रिकोच्या प्रकरणात लिहिले की या निकालांना संविधानात आधार नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन सामोआच्या नागरिकत्वाचा फिटिसेमानू खटला न्यायालयापुढे आला तेव्हा त्याची सुनावणी घेण्यासच नकार मिळाला. त्याआधी २०१९ मध्ये युटातील जिल्हा न्यायालयाने तेथे राहणाऱ्या सामोअन फिर्यादींना जन्माने नागरिक ठरवले होते आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ते उलटवले होते. उलटवताना दिलेले एक कारण असे की अमेरिकन सामोआचे निवडून आलेले सरकारच या मागणीच्या विरोधात उभे आहे. वकिलांना हे कारण खुपले, आणि का खुपले ते कळतेही. संविधानाचा हक्क बहुमताच्या मर्जीवर ठेवायचा नसतो. पण हा युक्तिवाद जेथे राज्यसत्ता आपल्याच माणसांना हक्क नाकारते तेथे लागू पडतो. येथे ज्यांना हक्क द्यायचा त्यांच्यापैकी कित्येक जण ‘थांबा’ म्हणत आहेत.

न विचारता दिलेल्या नागरिकत्वाचा अमेरिकेचा अनुभव काही अभिमानाचा नाही. १९१४ मध्ये पोर्तो रिकोच्या निर्वाचित सभागृहाने सामुदायिक नागरिकत्वाला विरोध करणारे निवेदन वॉशिंग्टनला पाठवले. काँग्रेसने ते बाजूला सारून १९१७ मध्ये नागरिकत्व दिलेच, आणि शतकानंतरही त्या बेटाचा राजकीय दर्जा लोंबकळतो आहे. १९२४ मध्ये मूळ अमेरिकी जमातींना सरसकट नागरिक करणारा कायदा झाला तेव्हा हौदेनोसौनी संघाच्या काही राष्ट्रांनी तो झिडकारला, कारण त्यांच्या लेखी ते आधीच एका राष्ट्राचे सभासद होते. उलट टोकाचे उदाहरण शेजारचेच आहे. १९८२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या न्यू झीलंडच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९२४ ते १९४८ या काळात पश्चिम सामोआत जन्मलेले लोक न्यू झीलंडचे नागरिक ठरतात असा निकाल दिला. न्यू झीलंडच्या संसदेने काही आठवड्यांत कायदा करून तो हक्क काढून घेतला, आणि त्यातल्या हयात वृद्धांना तो परत मागता यावा यासाठीचा कायदा व्हायला २०२४ साल उजाडले. देताना विचारले नाही तरी अपमान, काढून घेताना विचारले नाही तरी अपमान.

आणि सामोअन जनतेला नागरिकत्व कधीच नको होते, ही समजूत तर इतिहासाला धरून नाही. १९२० च्या दशकात तुतुइलात ‘माऊ’ ही चळवळ उभी राहिली ती नौदलाच्या मनमानी कारभाराविरुद्ध. १९३० मध्ये सिनेटर हायरम बिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखालील आयोग बेटांवर येऊन साक्षी घेऊ लागला तेव्हा सरदारांनीच नागरिकत्वाची मागणी मांडली. आयोगाने ती उचलून धरली, सिनेटने तसे विधेयकही संमत केले. ते अडले प्रतिनिधिगृहात. आज नागरिकत्व नाकारणे हीच आपली प्राचीन इच्छा असल्यासारखे जे बोलले जाते, त्यामागे मोठी विस्मृती आहे. शिवाय ‘सामोआचे म्हणणे’ म्हणून न्यायालयात जे मांडले गेले ते सरकारचे आणि प्रतिनिधीचे म्हणणे होते. विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहातील अठरा सदस्य मताईच असावे लागतात आणि ते सार्वत्रिक मतदानाने नव्हे, तर प्रथेप्रमाणे विभागीय परिषदांकडून निवडले जातात. मताई कुळाच्या संमतीने होतो, म्हणून त्याला लोकप्रतिनिधी मानायला माझी हरकत नाही. पण जमिनीचा कारभार ज्याच्या हाती, त्यालाच जमिनीच्या नावाने नागरिकत्व नको म्हणण्याचा पहिला आणि अखेरचा शब्द असावा काय? कारखान्याच्या पाळीवर उभ्या असलेल्या बाईचे किंवा सैन्यातून परतलेल्या जवानाचे मत तेथे कोठे नोंदले जाते?

म्हणून मतदान. ते रक्ताच्या आधारावर नको. ग्वामचा निकाल पाहता तसे मतदान टिकणारही नाही. प्रदेशाच्या नेहमीच्या मतदार यादीवर ते घेता येते, आणि त्या यादीत ‘नॅशनल’ व नागरिक दोघेही आहेत. प्रश्नपत्रिकेवर दोन गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या असाव्यात. एक, की नागरिक होऊनही पागो पागोत राहणाऱ्याला अमेरिकेच्या अध्यक्षाला मत देता येणार नाही, कारण ते मत राज्यांना असते, प्रदेशांना नसते. या बाबतीत वकिलांच्या बाजूने भलत्या आशा दाखवल्या गेल्या आहेत. दुसरी, की काँग्रेसने नागरिकत्वाच्या कायद्यातच जमिनीच्या निर्बंधांना हात न लावण्याचे कलम घालावे, जसे उत्तर मारियानाच्या करारात आहे. अशा कलमाशिवाय लोकांनी ‘नाही’ म्हटले, तर तो कौल निमूट मान्य करावा लागेल आणि युटाच्या न्यायालयाने त्यावर वरताण करू नये.

राहिले ते राज्यांत स्थायिक झालेले लोक. सामोअन वंशाचे लोक आज कॅलिफोर्निया, हवाई, वॉशिंग्टन, युटा आणि अलास्कात मिळून बेटांवरील पन्नास हजारांच्या वस्तीहून कितीतरी अधिक आहेत. त्यांच्यात ‘नॅशनल’ म्हणून आलेल्यांना कर भरावा लागतो, मुलांना त्याच शाळांत घालावे लागते. पण मत नाही, सैन्यात अधिकारीपद नाही, अनेक सरकारी नोकऱ्या बंद. नागरिक व्हायचे तर आधी एखाद्या राज्यात जाऊन राहायचे, मग शेकडो डॉलरांचे शुल्क, परीक्षा आणि परक्या देशातून आलेल्या माणसासारखी शपथ. यांना नागरिकत्व मिळाल्याने तुतुइलातील एका वीतभर जमिनीलाही धक्का लागत नाही. ‘नॅशनल’ माणसाने अर्ज करावा, शुल्क व परीक्षा नसावी, बेट सोडून जाण्याची अट नसावी, आणि ज्याला नको त्याने अर्ज करू नये, एवढी दुरुस्ती साध्या कायद्याने होते. प्रदेशाच्या प्रतिनिधी औमुआ अमाटा, ज्यांचा न्यायालयी नागरिकत्वाला विरोध आहे, त्यांनीच ही वाट सोपी करणारे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले आहे. वैयक्तिक निवड एकदा मान्य केली की मग सामुदायिक निवडीला, म्हणजे मतदानालाच, विरोध का, याचे उत्तर पागो पागोच्या नेत्यांनी द्यायचे आहे. आणि ज्या विधेयकाने कोणाचीही जमीन जात नाही, कोणावरही सक्ती होत नाही, ते काँग्रेसमध्ये पडून का राहते, याचे उत्तर वॉशिंग्टनने.